म्युनिकपासून सुरुवात करू नका

दोन महायुद्धांमधलं ब्रिटिश परराष्ट्र धोरण वाचायला घेताय, तर पंतप्रधान चेंबरलेन आणि त्यांनी हिटलरशी केलेला 1938 चा म्युनिक करार तूर्त बाजूला ठेवा. तिथून सुरुवात केली की सगळा विषय ‘इंग्रज घाबरले’ एवढ्यावरच आटोपतो. त्याऐवजी 1935 हे एकच वर्ष धरा आणि घटना महिन्यांप्रमाणे लावून पाहा.

एप्रिलमध्ये इटलीतल्या स्ट्रेझाला ब्रिटन, फ्रान्स आणि इटली जर्मनीविरुद्ध एकत्र येतात. जूनमध्ये ब्रिटन फ्रान्सला न विचारताच हिटलरशी नौदल करार करतं: जर्मन आरमाराला ब्रिटनच्या 35 टक्क्यांपर्यंत मुभा! त्याच महिन्यात ‘पीस बॅलट’चा, म्हणजे ब्रिटनमधल्या शांततेविषयीच्या बिगरसरकारी जनमत चाचणीचा, निकाल येतो, एक कोटीहून जास्त लोक आक्रमक देशावरच्या आर्थिक निर्बंधांच्या बाजूने. सप्टेंबरात परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होअर जिनिव्हात राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स) बाजू ठणकावून मांडतात. ऑक्टोबरात इटली अबिसिनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला करतं आणि राष्ट्रसंघ इटलीवर आर्थिक निर्बंध लावायचं ठरवतो. नोव्हेंबरात ब्रिटिश सरकार निवडणूक जिंकतं. डिसेंबरात हेच होअर फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांच्यासोबत अबिसिनियाचा मोठा लचका मुसोलिनीला द्यायचा घाट घालतात. बातमी पॅरिसच्या वृत्तपत्रांत फुटते, होअर जातात, त्यांच्या जागी ईडन येतात.

आता निर्बंधांची यादी बघा. त्यात तेल नाही. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच. याला निव्वळ ढोंग म्हणणं सोपं आहे, मला मात्र त्यात हिशेब जास्त दिसतो: पूर्वेला जपान, युरोपात जर्मनी, आणि भूमध्य समुद्रात तिसरा शत्रू ब्रिटिश नौदलाला परवडणारा नव्हता. म्हणून जिनिव्हातल्या भाषणांआधी मंत्रिमंडळाच्या बैठकांची टिपणं वाचा.