जोडीत दोघं, मस्टरवर एकच

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की सिंहस्थाच्या रस्त्यांसाठी खडीचे डंपर रात्रंदिवस पळतायत पण ती खडी फोडणाऱ्यांची कोणी विचारपूस करत नाही. त्यावर एवढे मेसेज आलेत की यावेळचं सगळं पान खाणीवाल्यांनाच देऊन टाकलंय. द्राक्षबागेच्या कर्जावर विचारणाऱ्या दादांनी रागावू नये, त्यांचं पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, मी आणि आमचे हे विल्होळीच्या पुढे खाणीवर डबर फोडतो. ब्रासवर, म्हणजे फोडलेल्या दगडाच्या मापावर पैसे मिळतात, जोडीचे. मागच्या महिन्यात कपची उडून माझ्या डोळ्याला लागली, आता त्या डोळ्याने धूसर दिसतं. मुकादम म्हणतो वहीत नाव तुझ्या नवऱ्याचं आहे, तू तर मदतीला येते, तुला कसली भरपाई. खरंय का हे?
– एक वहिनी

उत्तर : खोटंय वहिनी, साफ खोटं. मदतीला म्हणजे काय, तो घण काय स्वतःच उठून दगडावर पडतो का? ही जोडीची भानगड मी पंधरा वर्षं वस्त्यांवर बघतेय. ऊसतोडीत कोयता, इथे जोडी. दोघांनी राबायचं आणि वहीत एकच नाव लिहायचं, म्हणजे बाई जखमी झाली तरी कागदावर कोणीच जखमी नसतं.

भरपाईच्या कायद्याला लेखी नेमणूक लागतच नाही, तोंडी कामावर ठेवलं असेल तरी चालतं, आणि पैसे रोजावर मिळतात का ब्रासवर त्यानेही फरक पडत नाही. मुकादमाकडे बोट दाखवून खाणमालक सुटत नाही, ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा प्रश्न. अपघातापासून दोन वर्षांच्या आत कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज करायचा असतो. पण तुमचं खरं भांडण पुराव्याचं आहे, तर आत्तापासून जमवायला लागा. दवाखान्याच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आधी बघा, कारण बहुतेक वेळा मुकादमच सोबत येतो आणि 'घरी पडली' असं सांगून मोकळा होतो. तसं लिहिलं असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्पष्ट सांगा की खाणीवर दगड फोडताना लागलं, आणि ते लिहून घ्या. फोनपेवर आलेले पैसे, मुकादमाचे 'उद्या लवकर या' वाले व्हॉइस मेसेज, शेजारच्या जोडीचे दोन साक्षीदार, हे सगळं चालतं. मेसेज डिलीट करू नका.

आणि हो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं मालकावर बंधन आहे. प्रत्येकाला म्हणजे तुम्हालासुद्धा, तुमच्या स्वतःच्या नावाचं. मालक लगेच हातात ठेवेल असं मी म्हणत नाही पण पाच-सहा जणींनी मिळून मागा. एकटीने मागितलं तर दुसऱ्या दिवशी काम बंद होतं, हे मी पाहिलंय.

प्रश्न : मालकांना दोन वर्षांपासून खोकला. टीबीचा कोर्स दोनदा झाला, बेडका तपासला तर काही निघत नाही, पण दम लागतोच. ते क्रशरवर आहेत, त्याआधी सात वर्षं गुजरातला दगडाची पावडर करायच्या कारखान्यात होते. काय असेल?
– सारूळहून

उत्तर : (बाहेरच्या वाचकांसाठी, इथे मालक म्हणजे नवरा.)

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, ती गुजरातची सात वर्षं. डॉक्टरांना सांगितलीत का कधी? माझा अंदाज आहे की नाही, कारण कोणी विचारतच नाही, खोकला दिसला की टीबी. मी डॉक्टर नाही, पण सिलिकोसिसची शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. दगडातल्या सिलिकाची धूळ, डोळ्याला न दिसणारी, फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे जखमेचा वण धरावा तसं फुप्फुस घट्ट होत जातं. औषधाने ते परत मोकळं होत नाही. आणि अशा फुप्फुसाला टीबीही पटकन धरतो, म्हणून दोन्ही एकत्र असू शकतं, त्यामुळे टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

आता आपल्याकडच्या दगडाचं सांगते, कारण यात गफलत होते. नाशिकचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यात मोकळा सिलिका कमी असतो, राजस्थानातल्या वालुकाश्मात किंवा गारेच्या दगडात (क्वार्ट्झ) तो भरपूर. म्हणून आपल्याकडे सिलिकोसिस तिकडच्यापेक्षा कमी, पण याचा अर्थ क्रशरची धूळ निरुपद्रवी असा काढणारे खाणमालक मला भेटलेत, त्यांना म्हटलं या बसा दोन तास त्या क्रशरच्या जाळीखाली. धूळ कुठलीही असो, छाती खराब करतेच. आणि तुमच्या मालकांच्या बाबतीत क्रशरपेक्षा ती पावडर जास्त संशयाची. गुजरातला गोध्रा-बालासिनोर भागात गारेचा दगड दळायला मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी जायचे, त्यातले २३८ जण सिलिकोसिसने गेले, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला त्यांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले. म्हणजे माणसं गेल्यावर.

तर करायचं काय. छातीचा एक्सरे घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कामाची यादी कागदावर लिहून न्या, कुठल्या साली कुठे, काय काम, धूळ किती. सिलिकोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून भरपाईच्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे निदान झालं तर त्याची मागणी करता येते. राजस्थानने २०१९ मध्ये यासाठी वेगळं धोरणच आणलं, सर्टिफिकेट मिळालं की ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना आणखी २ लाख. गुजरातच्या कारखान्याचं काही असेल, जुनं ओळखपत्र, पगाराचं पाकीट, सोबतचा एखादा माणूस, तर शोधा. तोंडाला टॉवेल बांधून बारीक धूळ थांबत नाही, क्रशरवर पाण्याचा फवारा आणि पट्ट्यावर झाकण हाच खरा उपाय, मास्क त्याच्या नंतर. आणि बिडी... ते तुम्हीच बघा.

प्रश्न : मी कंप्रेसरवर सुरुंगासाठी होल मारतो. परवा एक सुरुंग उडाला नाही, मालक म्हणाला जा बघून ये. मी नाही म्हटलं तर घरी जा म्हणाला. आम्ही अठरा जण आहोत, कमिटी वगैरे काही नाही. तक्रार कुठे करायची? तलाठ्याला सांगितलं तर तो म्हणे माझं काम रॉयल्टीचं.
– होलवाला, वय २६

उत्तर : भाऊ, तू नाही म्हणालास ते बरोबर केलंस. न उडालेल्या सुरुंगाजवळ लगेच जायचंच नसतं, वातीचा असेल तर किमान अर्धा तास थांबायचं, आणि बघायचं काम ब्लास्टिंगचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाचं, होल मारणाऱ्याचं नाही. आणि एक, जुन्या होलचं बूड दिसलं की 'इथे अर्धा तयारच आहे' म्हणून त्यातच परत ड्रिल लावतात ना, ते कधीच करू नकोस. आत दारू राहिलेली असते. दरडीचं खालून पोट काढून वरचा भाग अधांतरी ठेवतात तेही तसंच, पावसाळ्यात तर बघायलाच नको.

तलाठी चुकीचं बोलला नाही. मोठी गोची इथेच आहे, लोकांना वाटतं खाण म्हणजे तहसीलदार. गौणखनिजाचा परवाना, रॉयल्टी, किती उपसलं हे महसूलकडे आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे. पण माणूस आत सुरक्षित आहे का हे बघणारं खातं केंद्राचं आहे, खाण सुरक्षा महासंचालनालय, डीजीएमएस म्हणतात, मुख्यालय धनबादला. आता नाशिकच्या होलवाल्याने धनबाद कुठे शोधायचं! पण तक्रार ईमेलने जाते, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव मालकाला कळू द्यायचं नाही असं त्या खात्याच्या इन्स्पेक्टरवर बंधन आहे. छोट्या खाणींना कायद्यात सूट आहे हे खरं, पण त्या सवलतीची एक अट म्हणजे स्फोटकं वापरायची नाहीत. तुझ्याकडे सुरुंग उडतो ना, मग मालकाने 'आमची छोटी खाण, आम्हाला लागू नाही' म्हटलं तरी लागू आहे.

कमिटीचं म्हणशील तर शंभर माणसं असलेल्या खाणीला सुरक्षा समिती लागते, अठराला नाही. मला हा आकडाच पटत नाही, आपल्याकडच्या दगडखाणीत एका जागी शंभर माणसं कधी असतात? पण समिती नसली तरी नव्या कोडांपैकी कामावरच्या सुरक्षेच्या कोडाचं कलम १४ तुझ्या हातात आहे. जिवाला लगेच धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर कामगाराने मालकाला सांगायचं आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवायचं. सांगायचं म्हणजे व्हॉट्सअपवर लिहून, तारीख-वेळेसकट, फोटो लावून. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कोणालाच आठवत नाही.

प्रश्न : मी मायनिंगचा डिप्लोमा करतेय. घरचं गाव सिन्नर. आजी म्हणते बाईने खाणीत जाऊ नये, देव कोपतो. पप्पा म्हणतात कायद्यानेच बंदी आहे. कोण बरोबर?
– सिन्नरची पोरगी

उत्तर : पप्पा २०१९ पर्यंत बऱ्यापैकी बरोबर होते. १९५२ च्या कायद्याने बायकांना जमिनीखाली बंदी होती आणि वरती फक्त सकाळी ६ ते संध्याकाळी ७. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने ते सैल केलं, लेखी संमती घेऊन वरच्या खाणीत रात्रपाळी, आणि जमिनीखाली टेक्निकल, सुपरवायझरी, मॅनेजरची कामं, तीही एका वेळी किमान तिघी बायका असतील तरच. नव्या कोडातही रात्रीच्या कामाला संमतीची आणि सुरक्षेची अट आहे. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमध्ये कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत मायनिंग इंजिनियर म्हणून रुजू झाली. तुझ्या डिप्लोमाला दार उघडं आहे.

आजीला मात्र एक गोष्ट सांग. बायका खाणीत नवीन नाहीत, कोळसा खाणीत त्या पिढ्यानपिढ्या खाली उतरायच्या. इंग्रजांनी १९२९ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली, मग महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये त्यांनीच बंदी उठवली आणि १९४६ ला परत घातली. म्हणजे देव नाही कोपत, सरकारला कोळसा लागला की बाई चालते. त्या वेळी मजूर खात्याचे मंत्री होते बाबासाहेब. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद भागातल्या खाणीत उतरले होते, आणि बंदी उठवण्यावर असेंब्लीत टीका झाली तेव्हा त्यांनी सांगितलं की खाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाएवढाच पगार मिळेल. ऐंशी वर्षं झाली. वर पहिलं पत्र वाच, अजून वहीत नावसुद्धा नाही.

माझं एक मागणं आहे. तू उद्या सुपरवायझर होशील तेव्हा पहिल्या दिवशी जोडीतली दोन्ही नावं वेगवेगळी लिही. आणि तुमच्या सिन्नरच्या गारगोटी म्युझियमला एकदा जाऊन ये, झिओलाइटचे ते पांढरे-हिरवे स्फटिक असल्याच काळ्या दगडाच्या पोटातून निघतात. ते ज्यांच्या पहारीला पहिल्यांदा लागले त्यांची नावं मी काचेखालच्या पाट्यांवर शोधत होते.

प्रश्न : खाणीवर संडास नाही, उजाडायच्या आत झुडपात जावं लागतं. आणि लोडिंगचा एक माणूस रोज घाण बोलतो. कोणाला सांगू, मुकादम त्याचाच भाऊ आहे.
– नाव छापू नका

उत्तर : नाही छापत. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामावरच्या अशा छळाच्या तक्रारींसाठी मालकाने अंतर्गत समिती नेमलेली असली पाहिजे. नसेल, किंवा माणसं कमी असतील, किंवा मालकाबद्दलच तक्रार असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिसला विचार, महिला बालविकासवाले सांगतात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं, लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. तो काय बोलला ते त्याच शब्दात लिही, लाजून 'वाईट बोलला' एवढंच लिहू नको. संडास आणि प्यायचं पाणी हा मालकाचा उपकार नाही, कायद्याने द्यायचंच असतं, ते वेगळ्या कागदावर लिहून डीजीएमएसच्या तक्रारीत टाका, वरच्या होलवाल्याच्या सोबत. मुकादमाला यातलं काही सांगू नका. पहिल्या पत्रातल्या वहिनी तुमच्याच बाजूच्या वाटतात, दोघींची हरकत नसेल तर मी नंबर जुळवून देते, ऑफिसच्या पत्त्यावर एक ओळ टाका.