‘पेशी’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या घरी डेंग्यूचा रुग्ण होता. भेटायला येणारे सगळे ‘पांढऱ्या पेशी किती आहेत?’ असे विचारत आणि आम्ही अहवालातील प्लेटलेटचा आकडा सांगत असू. हे बरोबर होते का? शिवाय आयुर्वेद महाविद्यालयात शिकणारी पुतणी पेशी म्हणजे मांसल स्नायू असे सांगते आणि आठवीतला मुलगा म्हणतो की पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक आहे. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दोघांचेही खरे आहे, फक्त पुतणी संस्कृत ग्रंथातला शब्द वाचते आहे आणि मुलगा आजच्या मराठीतला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील पेशींची संख्या ५०० दिली आहे : हातापायांत ४००, धडात ६६ आणि मानेपासून वर ३४. तेथे पेशी म्हणजे मांसाचा वेगळा ओळखू येणारा भाग, म्हणजेच आपण ज्याला स्नायू म्हणतो तो. हिंदीने हा अर्थ ‘मांसपेशी’ या शब्दात जपला आणि ‘सेल’साठी ‘कोशिका’ हा शब्द घेतला. मराठी विज्ञानाने मात्र ‘सेल’साठीच ‘पेशी’ हा शब्द रूढ केला. गंमत म्हणजे ‘स्नायू’चीही अशीच जागा बदलली आहे. त्याच ग्रंथात ९०० स्नायू सांगितले आहेत, पण ते सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध आहेत. त्यामुळे आपला ‘स्नायुपेशी’ हा साधा शब्द जुन्या अर्थाने वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकील.

‘सेल’ या मूळ शब्दाचा मांसाशी संबंध नाही. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना लहान खोली या अर्थाचे हे नाव दिले. त्यांना दिसल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. मुलाला लासलगावच्या कांद्याचा आतला पापुद्रा आयोडिनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा, म्हणजे विटांच्या बांधकामासारखी रचना आणि प्रत्येक कप्प्यातले केंद्रक त्याला दिसेल.

आता डेंग्यूकडे येऊ. ‘पांढऱ्या पेशी’ हे नाव रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तपेशींचे आहे. प्लेटलेट, म्हणजे शालेय पुस्तकातील रक्तपट्टिका, या रक्त गोठण्यास मदत करतात आणि त्या पूर्ण पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेतील अवाढव्य पेशींचे सुटून रक्तात आलेले ते तुकडे असतात व त्यांना केंद्रक नसते. (केंद्रक तर मानवाच्या पक्व तांबड्या पेशीतही नसते, परंतु ती पूर्ण पेशीपासून घडताना ते गमावते, म्हणून तिला पेशी म्हणण्यास हरकत नाही.) डेंग्यूत बहुधा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी होतात, त्यामुळे बोलण्यात झालेली ही सरमिसळ अगदीच निराधार म्हणता येत नाही.

तरीही ती टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आकडे फार वेगळे आहेत. प्रौढांच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात, तर प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. ‘पांढऱ्या पेशी ४० हजार’ असे फोनवर ऐकणारा डॉक्टर त्या फार वाढल्या आहेत असे समजून तीव्र संसर्गाचा किंवा रक्ताच्या आजाराचा विचार करील. प्लेटलेट ४० हजार असतील, तर त्या बऱ्याच घटलेल्या असतात. तेव्हा रुग्णाच्या उशाशी ‘रक्तपट्टिका’ म्हणण्याचा आग्रह नको, ‘प्लेटलेट’ हाच शब्द वापरावा.