नागपुरात चर्चमधलं ऑर्गनवादन ऐकायला जावं का? पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नसेल तर?

तुम्ही लिहिलंय की सदरमधल्या एका चर्चमध्ये इथल्याच वादकांचा ऑर्गनचा कार्यक्रम आहे, तुम्ही ख्रिस्ती नाही, घरी आईच्या भजनी मंडळाची पेटी सोडली तर या वाद्याशी तुमचा संबंध नाही, आणि बाहेरून कुणी नावाजलेला वादक येणार नसेल तर दीड तास बसून हाती काय लागेल. माझं उत्तर सरळ आहे: जा, आणि आईलाही घेऊन जा. बाहेरचा कुणी येत नाहीये म्हणून तर नक्की जा.

मी सदरच्याच एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायाच्या, क्वायरमध्ये (गायकवृंदात) शाळेत असल्यापासून गाते. आमची उभं राहण्याची जागा ऑर्गनच्या अगदी बाजूला. त्यामुळे वाजवणाऱ्याचे हात, पाय, मान, सगळं जवळून बघत आले आहे.

चर्चच्या ऑर्गनिस्टचं रोजचं काम काय असतं ते आधी सांगते. आपल्याकडे यावर पोट भरणारा माणूस सापडणं कठीण. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेत असतं, कुणी रेल्वेतून निवृत्त झालेलं. पायांनी वाजवायच्या पट्ट्या असलेलं वाद्य घरी ठेवणं कुणाला परवडत नाही, जागाही नसते. म्हणून संध्याकाळी कामावरून सुटल्यावर चर्चची किल्ली घ्यायची आणि रिकाम्या बाकांसमोर सराव करायचा. मग रविवारी उपासनेला तेच बाक भरतात. गाणाऱ्यांत तयार गळ्याचे असतात, बेसूर असतात, लहान पोरं असतात, आणि मागच्या बाकांवर प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर मनासारखा लांबवणाऱ्या आज्या असतात. या सगळ्यांना एका श्वासावर आणायचं काम ऑर्गनिस्टचं. ओळ संपली की तो हात उचलतो तो माणसाला दम घ्यायला लागेल एवढाच वेळ. जरा जास्त उचलला तर गाणं तुटतं, कमी उचलला तर म्हाताऱ्या माणसांची दमछाक होते. आमचे जुने ऑर्गनिस्ट स्वरलिपीच्या शेजारी गीतांचं पुस्तकही उघडून ठेवायचे, कारण ते शब्द वाचत वाजवायचे. ज्या कडव्यात वाक्य ओळीच्या मधेच संपतं तिथे ते मधेच श्वास द्यायचे. चाल एकच असली तरी प्रत्येक कडवं त्यामुळे वेगळं व्हायचं.

यात आणखी एक अडचण आहे, ती बसून ऐकणाऱ्याला कळत नाही. आवाजाला ३० मीटर जायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. वादक एका टोकाला बसलेला आणि मागचे बाक दुसऱ्या टोकाला असले, तर त्याचा स्वर त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतो आणि त्यांचं गाणं त्याच्यापर्यंत आणखी उशिराने परत येतं. त्याने त्या आवाजाची वाट पाहिली की लय ढिली पडत जाते, तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं ओढल्यासारखं होतं. म्हणून कानावर येणारं सगळं ऐकायचं आणि तरी त्याच्या मागे जायचं नाही, हे त्याला जमवावं लागतं. लग्नाच्या दिवशी तर वेगळीच परीक्षा. नवरीची गाडी लिबर्टी टॉकीजपाशी अडकते, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) दारात उभे, आणि ऑर्गनिस्ट एकाच चालीतून नवी नवी वळणं काढत वेळ भरत राहतो. बाकांवर कुणाला पत्ता लागत नाही. गाडी आवारात शिरल्याची खूण मिळाली की तो चार मात्रांत वळून स्वागताच्या धूनवर येतो. रंगमंचावरचा मोठा वादक हे करू शकेलही, पण आमची माणसं ते दर हंगामात करतात.

आता वाद्याबद्दल. मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो, बालगंधर्वांच्या मागे वाजायचा तो. तुमच्या आईलाही तोच आठवेल. त्यात धातूच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरतात, म्हणजे पेटीचाच तो मोठा भाऊ. चर्चचा पाइप ऑर्गन निराळा. तिथे प्रत्येक स्वराला स्वतःची नळी असते, आणि एकेका नादासाठी अशा नळ्यांची पूर्ण रांग. ‘८ फूट’ असं वादकाजवळच्या ओढायच्या खुंटीवर लिहिलेलं दिसतं त्याचा अर्थ त्या रांगेतली सगळ्यांत खालच्या स्वराची उघडी नळी साधारण आठ फुटांची. १६ फुटांची रांग त्याखालच्या सप्तकात बोलते, ४ फुटांची वरच्या. वादक खुंट्या ओढून रांगा जोडतो, सोडतो. भारतात असे ऑर्गन आहेत, कोलकात्याच्या सेंट पॉल्स कथीड्रलमधला इंग्लंडच्या विलिस घराण्याचा ऑर्गन तर प्रसिद्धच आहे.

पण मध्य भारताच्या हवेत असं वाद्य सांभाळणं म्हणजे मोठा खर्च आणि मोठी चिकाटी. नळीतल्या स्वराची उंची आतल्या हवेच्या तापमानावर ठरते. २० अंशांवर लावलेली नळी आपल्या मे महिन्यात ४४ अंशांवर वाजवली तर स्वर सुमारे ४ टक्के चढतो, म्हणजे पेटीवर पांढरी एक ते काळी एक जेवढं अंतर आहे त्याच्या दोन-तृतीयांश. सगळंच वाद्य सारखं चढलं असतं तर निभावलं असतं. पण त्याच ऑर्गनमधल्या जिभेच्या नळ्या, म्हणजे ज्यांत धातूची पातळ पट्टी थरथरते त्या, तेवढ्या चढत नाहीत, आणि दोन रांगा एकमेकींशी भांडायला लागतात. वर उन्हाळ्यात लाकूड आकसतं, चामडं तडकतं, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून एखादी पट्टी अडकली की तो स्वर थांबतच नाही. म्हणून बऱ्याच मंडळ्यांनी पायपेटीचे ऑर्गन वापरले, कारण धातूच्या पट्टीला उन्हाळा एवढा बाधत नाही, आणि आता डिजिटल ऑर्गन आले आहेत. त्यांत खऱ्या नळ्यांचे एकेक ध्वनिमुद्रित स्वर असतात, आवाज स्पीकरमधून येतो, पण हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी आणि पायांच्या पट्ट्या तशाच. तुमच्या कार्यक्रमात असा ऑर्गन दिसला तर हिरमुसू नका. नळ्यांतून हवा वाहताना अंगाला जाणवणारी जी थरथर असते ती स्पीकरमधून पूर्ण येत नाही हे खरं. वाजवण्याची विद्या मात्र सगळीच्या सगळी तिथे असते.

ती विद्या कुठे बघायची? ऑर्गनची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच येतो, आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर कमी होत नाही. सतारीचा स्वर छेडल्याबरोबर विरायला लागतो, तबल्याचा तर लगेच, आणि पेटीवाला भात्याने आवाज लहानमोठा करतो. ऑर्गनिस्टजवळ यातलं काहीच नाही. पायाने उघडझाप करायची एक झडप असते, खुंट्या असतात, बस. मग एखादा स्वर महत्त्वाचा आहे हे तो सांगतो कसं? त्याच्या आधी केसभर फट ठेवून. आधीचा स्वर किंचित लवकर सोडला की पुढचा ठळक वाटतो. ही फट ऐकायला एकदा कान तयार झाला की तुम्हाला दोन वादकांतला फरक स्वच्छ कळेल, त्यासाठी स्वरलिपी यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट पाय. शक्य झालं तर पाय दिसतील अशा बाजूच्या बाकावर बसा. बहुतेक वादक पातळ तळव्याचे खास बूट घालतात, चामड्याच्या तळाचे, म्हणजे पट्टीची कड पायाला कळते. टाच आणि चवडा दोन्ही वापरून खालचा स्वतंत्र सूर पाय चालवतात, हातांना आधार म्हणून नुसते खर्ज देत नाहीत. आणि कधी कधी पाय एकच स्वर बराच वेळ धरून ठेवतात, वर हातांत काहीही चाललेलं असो. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला ती जागा चटकन ओळखीची वाटते. तुमच्या आई तिथे मान हलवतील, माझी खात्री आहे.

कार्यक्रमात बाख असणारच. योहान सेबास्टियन बाख (१६८५ ते १७५०) स्वतः चर्चचा ऑर्गनिस्ट होता, आमच्या माणसांसारखाच दर रविवारी मंडळीकडून गाऊन घेणारा. त्याची डी मायनरमधली टोकाटा आणि फ्यूग तुम्ही सिनेमात, जाहिरातीत ऐकलेली आहे, पहिल्या तीन स्वरांत ओळखाल. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा त्याचे छोटे कोराल प्रिल्यूड लक्ष देऊन ऐका. मंडळीला पाठ असलेल्या गीताची चाल एका हातात सावकाश चालते आणि बाकीचे सूर तिच्याभोवती फिरतात. कुठलाही एक सूर धरा आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जा. सगळं एकदम समजून घ्यायला गेलात तर थकाल. शेवटाला बहुधा फ्रेंच संगीतकार विदोरची टोकाटा किंवा तसंच काही दणदणीत येईल, त्यासाठी काहीच सांगायला नको.

मी मात्र सगळ्यांत आतुरतेने वाट पाहते ती मराठी गीतांची. नागपूरला याचं खास कारण आहे. उत्तर भारतातल्या सहा वेगवेगळ्या चर्च-संस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकच संस्था स्थापन झाली ते याच शहरात, २९ नोव्हेंबर १९७० ला. त्यामुळे आमच्या एकाच उपासनेत इंग्रजी हिम (उपासनागीत), हिंदी गीत आणि मराठी भजन सगळं येतं, आणि ऑर्गनिस्टला तिन्ही वाजवावं लागतं. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत बसले होते, त्याच डब्यात एका सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला, आणि पुढे त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची कितीतरी ख्रिस्ती भजनं लिहिली. ती टाळ-पेटीवर गायची भजनं. त्यांच्याखाली इंग्रजी हिमसारखे दर मात्रेला बदलणारे चार सुरांचे गठ्ठे लावले तर चालीचा जीव जातो. इथल्या जाणत्या वादकांनी त्यावर स्वतःच्या वाटा काढल्या आहेत. एकजण पायात फक्त षड्ज आणि पंचम धरतो, डाव्या हाताने एकच हलका सूर देतो, आणि उजव्या हातात चाल मोकळी ठेवतो. गंधार तर तो खालच्या सुरांत येऊच देत नाही, कारण बारा समान भागांत लावलेल्या वाद्याचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो आणि लांबवला की खुपतो. हे कुठल्याही परदेशी संगीतशाळेत शिकवत नाहीत. बाहेरून येणाऱ्या वादकाकडून तुम्हाला हे ऐकायला मिळणार नाही, म्हणून मी इथल्यांसाठी जा म्हणते आहे.

बाकी व्यवहाराचं. प्रवेश बहुधा मोफत असतो, दानपिशवी फिरली तर इच्छेप्रमाणे टाका, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. डोकं झाकायची सक्ती नाही. दाराशी चपलांची रांग दिसली तर काढा, नाहीतर घालूनच आत जा. टाळ्या कधी वाजवायच्या ते पुढच्या बाकांवरून कळेल, एका रचनेचे दोन-तीन भाग असले तर मधे थांबलेलं बरं. मोबाइल बंद ठेवा. प्रार्थना झाली तर सगळ्यांबरोबर उभं राहणं पुरे, म्हणायला हवंच असं काही नाही. पहिल्या बाकापेक्षा चर्चच्या मध्यावर आवाज जास्त चांगला मिळतो, पण मी वर म्हटलं तसं पाय बघायचे असतील तर बाजूला बसा. आईंना टेकायला उशी घ्या, बाक कडक असतात.

आणि संपल्यावर लगेच निघू नका. ऑर्गनपाशी जा, आवडलं ते सांगा, आणि खुंट्या दाखवाल का म्हणून विचारा. आमचे लोक नुसते दाखवून थांबत नाहीत, बाकावर बसवतात. आई पेटी वाजवतात म्हणालात, तर त्यांना एखादा अभंग वाजवून बघायला सांगा, पट्ट्यांची मांडणी तीच आहे. भाता मारायचा नाही एवढंच त्यांना आधी सांगून ठेवा.