पद्धतीवरच्या संशोधनाला निधी मागताना प्रस्ताव कुठे अडतो

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईतल्या मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्र, विभागात आहात. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना उपचाराने काय फरक पडतो ते त्यांच्याच तोंडून मोजायचं आहे. इंग्रजीतून आलेली प्रश्नावली ओपीडीत नीट चालत नाही, म्हणून आधी मोजण्याची पद्धत सुधारायला निधी मागितला. परीक्षकांनी 'ही पूर्वतयारी झाली, संशोधन नव्हे' असा शेरा मारून प्रस्ताव परत केला.

शेरा मनाला लागला असेल, पण तो कुठून येतो ते बघा. पहिलंच उद्दिष्ट 'प्रश्नावलीचं मराठी भाषांतर व प्रमाणीकरण' असं असलं की परीक्षक तिथेच थांबतो. त्याच्या लेखी तुम्ही एक वस्तू बनवायला पैसे मागताय. पद्धतीवरच्या संशोधनात त्याला वेगळंच वाचायचं असतं: आज सगळे जी पद्धत वापरतात तिच्यात नेमकी चूक कोणती, ती आकड्यात किती, आणि तुमची पद्धत ती कमी करते हे कशाशी तुलना करून दाखवणार. भाषांतर त्यात येईल, पण साधन म्हणून.

चूक दाखवायला तुमच्या ओपीडीतच भरपूर माल आहे. एसएफ-३६ या सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावलीत 'अनेक ब्लॉक' आणि 'एक ब्लॉक' चालण्याबद्दल प्रश्न आहेत. अमेरिकेत ब्लॉक म्हणजे दोन चौकांमधलं अंतर. ठाण्या-डोंबिवलीत ब्लॉक म्हणजे राहता फ्लॅट. भाषांतरात तो शब्द तसाच राहिला, तर 'एक ब्लॉक चालताना त्रास होतो का' या प्रश्नाला नौपाड्यातल्या आजी हॉल ते स्वयंपाकघर एवढं अंतर धरून 'छे, अजिबात नाही' म्हणणार. गुण वाढले, गुडघा होता तसाच.

वोमॅक ही खास गुडघा-खुब्याच्या संधिवाताची प्रश्नावली, तिच्यात उलटी अडचण. २४ प्रश्नांत वेदनेचे ५, ताठरपणाचे २ आणि हालचालींचे १७. त्या १७ मध्ये मोजे घालणं आहे, मोटारीत चढणं-उतरणं आहे, पण देवापुढे मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही. आपल्याकडच्या रुग्णाचं जे आधी बिघडतं ते मोजलंच गेलं नाही, तर उपचाराने तेच सुधारलं तरी आकड्यात दिसणार नाही, आणि परिणाम खरा असून 'फरक नाही' असा निष्कर्ष छापला जाईल. हा मुद्दा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवा, दहाव्या नव्हे.

इथे एक धोका आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने भारतीय सवयी धरून बदललेली वोमॅकची आवृत्ती आपल्याकडच्या अभ्यासांत वापरली गेली आहे. तिचा उल्लेख न करता 'भारतीय रुग्णांसाठी नवी प्रश्नावली' म्हणाल तर परीक्षक पहिल्या झटक्यात विचारेल, मग नवीन काय? म्हणून माझं स्पष्ट मत असं की प्रस्तावाचा कणा प्रश्नावली नको, विचारण्याची रीत असू द्या.

ओपीडीत काय चालतं ते डोळ्यासमोर आणा. कागद रुग्णाच्या हातात, चष्मा घरी. सून वाचून दाखवते आणि उत्तरही तीच देऊन टाकते. शेजारच्या टेबलावर इंटर्न घाईघाईत वाचतोय. 'मध्यम' या शब्दावर रुग्ण अडला की तो स्वतःच 'म्हणजे बरंय ना तसं?' असं विचारून खूण करतो. तिसऱ्या ठिकाणी रुग्ण स्वतः भरतो आणि मागचं पान कोरंच ठेवतो. तिन्ही कागद एकाच एक्सेलमध्ये जातात आणि एकच माप समजले जातात. या तीन रीतींनी गुणांत किती फरक पडतो, हा खरा पद्धतीचा प्रश्न आहे, आणि तो नवी मुंबईपुरता राहत नाही.

आराखडा असा करता येईल. ज्यांना वाचता येतं त्यांची चिठ्ठी तीन गटांत काढा: स्वतः वाचून भरणारे, प्रशिक्षित मुलाखतकाराने ठरलेल्या शब्दांत विचारलेले, आणि टॅबवर आवाजात प्रश्न ऐकून बोटाने निवडणारे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पहिल्या गटात टाकता येत नाही. त्यांची चिठ्ठी वेगळी, दोनच गटांची. हे न लिहिल्यामुळे चांगले आराखडे अडतात, कारण सगळ्यांची एकत्र चिठ्ठी काढली की पहिल्या गटातले निरक्षर रुग्ण गळतात आणि गट तुलनेला लायक राहत नाहीत. घरच्यांचं उत्तर हवं असेल तर तेही घ्या, पण वेगळ्या कागदावर आणि रुग्णाचं झाल्यावर.

नमुन्याचा आकडा: दोन गटांच्या सरासरीत पाव प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) फरक ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्सने (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे २५१ रुग्ण लागतात. अर्ध्या प्रमाण विचलनाला ६३ पुरतात. पण रीतींमधला फरक एवढा मोठा असेल असं धरणं म्हणजे आकडा सोयीने ठरवणं, आणि परीक्षकाला ते कळतं. तीन गटांच्या जोड्याजोड्यांनी तुलना करणार असाल तर आकडा आणखी वाढेल. रुग्णांऐवजी दवाखान्यांची चिठ्ठी काढलीत तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्यामुळे नमुना किती पट वाढवावा लागतो तो आकडा, धरा: दर दवाखान्यात २० रुग्ण आणि आयसीसी (एकाच दवाखान्यातले रुग्ण एकमेकांसारखे असण्याचं माप) ०.०५ असेल तर १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. नमुना जवळपास दुप्पट होतो.

त्याआधी शब्दांची चाचणी. आयस्पोर या आरोग्य-अर्थशास्त्र आणि परिणाम-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शनात भाषांतराचे टप्पे दिले आहेत: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, उलट भाषांतर, त्याची तपासणी, मग रुग्णांसोबत अर्थाची चाचणी. लोक उलट भाषांतरावर सगळा भर देतात आणि अर्थाची चाचणी चार नातेवाइकांवर उरकतात. नेमकं उलट करा. 'ताठरपणा' हा शब्द उलट भाषांतरात अगदी बरोबर उतरतो. रुग्ण मात्र 'गुडघा आखडतो' किंवा 'धरल्यासारखा होतो' म्हणतो. मुलाखतीत 'समजलं का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा' आणि 'मध्यम म्हणजे तुमच्या मते किती, कशावरून ठरवलं' असं विचारा. कॉस्मिनच्या, म्हणजे आरोग्याची मापं तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय चौकटीच्या, निकषात अशा चाचणीला किमान ७ रुग्ण चांगले मानले जातात. मी म्हणेन प्रत्येक बोलीगटातून ७. दिवाळे-करावेतल्या आगरी-कोळी बायका, कोपरखैरणे-तुर्भ्याची घाटावरून आलेली माथाडी कुटुंबं आणि घरी हिंदी बोलणारे यांना एकाच गठ्ठ्यात घालू नका. पुनर्चाचणीला, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायला, १०० रुग्ण धरा, आयसीसी (इथे दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात त्याचं माप) ०.७० च्या खाली आला तर ते माप पुरेसं विश्वासार्ह मानत नाहीत.

दुसरं उद्दिष्ट गळतीचं ठेवा, कारण तिथे निष्कर्ष सगळ्यात जास्त फिरतात. जूनमध्ये घेतलेल्या रुग्णाची तिमाही तपासणी सप्टेंबरात येते, आणि त्याच सुमारास गणपतीला निम्मं ठाणं कोकणात असतं. मे महिन्यातही तेच. सण म्हणून न आलेला रुग्ण आणि गुडघा इतका धरला की येता आलं नाही तो रुग्ण, दोघांचाही रकाना सारखाच रिकामा दिसतो. म्हणून न येण्याचं कारण फोनवर त्याच आठवड्यात विचारून सांकेतिक अंकाने नोंदवा आणि तपासणीला १०-१० दिवस मागेपुढे मुभा ठेवा. विश्लेषणात मल्टिपल इम्प्युटेशन (रिकाम्या रकान्यांत संभाव्य गुण अनेकदा भरून हिशोब करणं) केलं एवढं लिहून भागत नाही, कारण नेहमीच्या रूपात ते गळती दिसणाऱ्या माहितीवरूनच समजते असं धरतं. भरलेले गुण ० ते १०० च्या पट्टीवर ५, १०, १५ ने वाईटाकडे ओढत जा आणि निष्कर्ष कुठे उलटतो तो बिंदू द्या.

कुठली विश्लेषण-रीत बरी हे खऱ्या रुग्णांवर सिद्ध होत नाही, कारण खरं उत्तर माहीत नसतं. त्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर बनवलेली कृत्रिम माहिती, ज्यात उत्तर तुम्हीच ठरवता. एडेम्प चौकटीत लिहा: उद्देश, माहिती कशी निर्माण करणार, कोणता अंदाज हवा, कोणत्या पद्धती तोलणार, कोणत्या निकषावर. किती आवृत्त्या, याचंही कारण द्या: ९५ टक्के कव्हरेज (काढलेल्या मर्यादांत खरं उत्तर किती वेळा सापडतं) तपासताना १००० आवृत्त्यांत माँटे कार्लो प्रमाण त्रुटी, म्हणजे आवृत्त्या मोजक्या असल्याने येणारी अनिश्चितता, सुमारे ०.७ टक्के येते, ०.५ टक्के हवी तर १९०० लागतात. ही एक ओळ बघून परीक्षकाला कळतं की संख्याशास्त्रज्ञ संघात खरोखर आहे, नुसतं नाव घातलेलं नाही.

रुग्णांच्या सहभागाबद्दल 'रुग्ण सल्लागार समिती नेमू' एवढं लिहिणं पुरत नाही. कोण, किती वेळा, कोणत्या निर्णयावर त्यांचं मत चालणार ते लिहा. चार-पाच रुग्ण, दोन महिन्यांतून एक बैठक, वेळ मंगळवारी सकाळी अकराची नव्हे तर रविवारची, जागा तळमजल्यावर. गुडघ्याच्या रुग्णांना तिसऱ्या मजल्यावर बोलावू नका. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवा. असा खर्च भरून देणं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत बसतं. अकाउंट्सकडून बिल, पॅन वगैरे मागणी येण्याची शक्यता आहे, तेव्हा रोखीत की खात्यात हे प्रस्ताव जाण्याआधी लेखी ठरवून घ्या.

आता पैसे कुठून. आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना निधी देणाऱ्या, योजनेत २०२३ पासूनच्या रचनेनुसार स्मॉल ग्रँट २ कोटींपर्यंत ३ वर्षांसाठी आणि इंटरमीडिएट ग्रँट २ ते ८ कोटी ४ वर्षांसाठी. वरचा आराखडा स्मॉलमध्ये आरामात बसतो. इंडिया अलायन्सची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांची संयुक्त संस्था) फेलोशिप व्यक्तीला मिळते, प्रकल्पाला नव्हे. ज्याला पुढची काही वर्षं हेच करायचं आहे त्याने तिकडे बघावं.

अमेरिकेतली पकोरी, म्हणजे पेशंट-सेंटर्ड आउटकम्स रिसर्च इन्स्टिट्यूट, २०१० च्या आरोग्य कायद्यातून उभी राहिली. ती रुग्णकेंद्री अभ्यासांच्या पद्धती सुधारण्यासाठी वेगळी योजनाच चालवते. तिच्या अनेक फेऱ्यांत थेट खर्चाची मर्यादा ७,५०,००० डॉलर आणि मुदत ३ वर्षं राहिली आहे. आधी लेटर ऑफ इंटेंट, ते मान्य झालं तरच पूर्ण अर्ज. परदेशी संस्थेला वाव आहे, पण अमेरिकी आरोग्यव्यवस्थेला फायदा दाखवावा लागतो. वाशीतले गुडघे तिथे चालणार नाहीत. दुभाष्यामार्फत विचारलेल्या प्रश्नांची चूक आणि गळतीचं सिम्युलेशन चालू शकेल, तेही तिथला भागीदार पुढे ठेवून. तिची मेथडॉलॉजी स्टँडर्ड्स मात्र आयसीएमआरला अर्ज करतानाही वाचा; कोणत्या निकषातली उणीव तुम्ही भरताय हे सांगायला भाषा मिळते.

एकच प्रस्ताव दोन्हीकडे पाठवू नका. पकोरीला कायद्यानेच क्वालीमागे (क्वाली म्हणजे जगण्याच्या दर्जानुसार मोजलेलं आयुष्याचं एक वर्ष) किती डॉलर अशी मर्यादा लावण्याची मनाई आहे, आणि खर्च-परिणामकारकतेच्या अभ्यासाला ती पैसे देत नाही. आपल्याकडे आरोग्य संशोधन विभागाची एचटीएइन यंत्रणा, जी उपचार खर्चाच्या मानाने परवडतात का ते तपासते, क्वालीवरच चालते, आणि क्वाली काढायला लागणाऱ्या ईक्यू-५डी-५एल प्रश्नावलीचा भारतीय मूल्यसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे खर्च-परिणामकारकतेचा जो परिच्छेद इथे ताकद, तोच तिथे अपात्रतेचं कारण.

परदेशी पैसा किंवा भागीदार आला की एथिक्स कमिटीच्या मंजुरीनंतर एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, मंजुरी लागते. त्यासाठी वेळापत्रकात काही महिने राखून ठेवा. कॉलेज ट्रस्टचं असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा: रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. 'ठाण्यातल्या भागीदार संस्थेला उपअनुदान' अशी ओळ बजेटमध्ये असेल तर ती आजच काढा.

सरकारी अनुदानात जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि खात्यात पडून राहिलेल्या रकमेचं व्याजही परत करावं लागतं. मुलाखतकारांचा पगार पहिल्या हप्त्यातच धरा. मध्येच माणूस बदलला की विचारण्याची रीत बदलते, आणि तुमचा अभ्यासच त्या रीतीवर आहे. प्रश्नावलीच्या मालकाचा लेखी परवाना आणि चिठ्ठी काढून होणाऱ्या भागाची सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी. २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून नोंदणी होत नाही.

सुधारलेल्या उद्दिष्टांचं एक पान आणि नमुन्याचा हिशोब इथे टाका, कॉलेजचं नाव काढून. त्यावर नेमकं बोलता येईल.