पंख झोपेत कापले होते

"मॅडम, परीकथेचाच सिनेमा आहे, मुलीला दाखवला तर चालेल ना?" मी लहान मुलांची समुपदेशक, सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. बऱ्याचदा तो सिनेमा दाखवून झाल्यावरच येतो, आणि मग त्याचा सूर बदललेला असतो: "परीकथाच होती हो, मग रात्री दचकून का उठते?"

सईची (नाव बदललं आहे) आई अशीच आली. सई सहा वर्षांची. घरी 'मॅलेफिसंट' लावला होता, डिस्नेचा २०१४चा. झोपलेल्या राजकन्येची जुनीच गोष्ट, पण शाप देणाऱ्या परीच्या बाजूनं सांगितलेली. तेव्हापासून सई एकटी झोपेना. आईनं कूस बदलली तरी जागी व्हायची. आईचं निदान तयार होतं: "त्या शिंगांना घाबरली. रडायला लागली म्हणून ह्यांनी मध्येच बंद केला."

"तुला कशाची भीती वाटते?" असं मी लहान मुलांना सहसा विचारत नाही. गोष्ट सांगायला लावते. सई चित्र काढत सांगू लागली. शिंगं तिनं काळ्या खडूनं दोनदा गिरवली, चांगली ऐटीत. घाबरलेलं मूल शिंगं अशी काढत नाही. ड्रॅगनपर्यंत तर सिनेमा पोचलाच नव्हता.

"मग तिच्या मित्रानं तिला काहीतरी प्यायला दिलं. ती झोपली. त्यानं पंख कापले."

"मग?"

"तिला कळलंच नाही. उठली तेव्हा नव्हते." हे सांगताना तिचा हात गळ्याशी गेला होता.

मी आईला आत बोलावलं. "हिच्या गळ्याचं काही झालंय का इतक्यात?"

"पावसाळ्यात टॉन्सिल काढले."

"काय सांगून नेलं होतं?"

आई जरा घुटमळली. "काही करणार नाहीत, नुसतं झोपायचं, असं."

सगळा गुंता त्या एका वाक्यात होता. आपल्या माणसावर भरवसा ठेवून झोपायचं आणि उठल्यावर अंगातलं काहीतरी गायब. सईला हे आधीच माहीत होतं, सिनेमानं फक्त ते दाखवून दिलं. या बाबतीत मी परीकथांवर लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइमच्या पठडीतली. त्याच्यावर पुढे बरेच वाद झाले, पण परीकथा भीती जन्माला घालत नाही, आत असलेल्या भीतीला आकार देते, हे त्याचं म्हणणं मला रोज पटतं. फक्त तोंडी गोष्ट आणि सिनेमा यांत एक फरक आहे. भोपळ्यात बसलेल्या म्हातारीचा वाघ मूल मनात झेपेल तेवढाच मोठा करतं. पडद्यावरचा वाघ दुसऱ्या कुणीतरी आधीच मोठा करून ठेवलेला असतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. टॉन्सिलचं खरंखुरं सांगितलं: कुणी काढले, का काढले, दुखू नये म्हणून झोपेचं औषध का दिलं. आणि उरलेला सिनेमा दिवसाउजेडी पूर्ण पाहायला सांगितला, आई शेजारी, रिमोट सईच्या हातात. कारण शेवटी ते पंख परत येतात, आणि सईपुरता सिनेमा ते कापलेलेच असताना संपला होता.

पुढच्या भेटीत तिनं विचारलं, "माझे टॉन्सिल पण परत येणार?"

"नाही येणार."

थोडा विचार करून म्हणाली, "बरंय. ते दुखायचे."

या सिनेमात छोट्या राजकन्येचं काम मॅलेफिसंट झालेल्या अँजेलिना जोलीच्या स्वतःच्या मुलीनं केलंय. बाकीची लहान मुलं तो वेश बघून घाबरायची, हिला शिंगांखाली आई दिसत होती. म्हणून सोबत कोण बसलंय, हे मी वयाच्या आधी विचारते.

सर्टिफिकेट बघाच. ओटीटीवर आणि आता २०२४च्या नियमांमुळे थिएटरमध्येही यूए ७+, १३+, १६+ असे टप्पे आहेत, ते उपयोगी आहेत. पण तुमच्या घरात नुकतंच काय झालं, हे त्या शिक्क्याला कुठून कळणार? 'फ्रोझन'मध्ये (२०१३) आईवडील सुरुवातीलाच समुद्रात बुडतात. बहुतेक मुलं ते विसरून गाणी म्हणतात. बाबा बोटीवर असलेलं मूल विसरेलच असं नाही. तेव्हा आधी स्वतः पूर्ण बघा, आणि घरात कुणी आजारी आहे का, कुणी गेलंय का, नवं बाळ आलंय का, ते आठवा. मूल रडलं तर थांबवा, दिवा लावा, जवळ घ्या. पुढे बघायचं नसेल तर नको, पण शेवट काय होतो तेवढं तोंडी सांगून टाका. अर्ध्यावर बंद केलेला सिनेमा मूल रात्री एकट्यानं पुरा करतं, आणि तो शेवट फार वाईट असतो.

परवा सईच्या आईचा मेसेज आला. सई 'मॅलेफिसंट'चा २०१९चा दुसरा भाग मागतेय, दाखवू का? त्यात परींना लग्नाला बोलावून कोंडून मारायचा बेत आहे. मी एवढंच लिहिलं, "तुम्ही दोघांनी बघितलात का?" अजून उत्तर आलेलं नाही, म्हणजे बहुधा आज रात्री बघताहेत.