वडील गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या पद्धतीने स्वप्नं लिहून, निसर्गात राहून स्वतःचं स्वतः सावरता येईल का?

सावरता येईल, पण एकट्याने नाही. मी लातूरला समुपदेशनाचं काम करतो आणि घरी कोरडवाहू शेती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडील स्वप्नात विहिरीच्या कडेला पाठमोरे दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. त्याचा अर्थ यूट्यूबवर शोधत बसू नका. विहीर म्हणजे अमुक, पाणी म्हणजे तमुक, असा ठरीव कोश युंगलाही मान्य नव्हता. ज्याचं स्वप्न, त्याच्या आयुष्यातूनच ते उलगडायचं. उठल्या उठल्या, चहाच्या आधी, वहीत उतरवा. विहीर कोणती होती, पाणी होतं का, त्यांच्या अंगात कोणता सदरा होता, बघून रडू आलं की राग. राग आला असेल तर तोही लिहा. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात, मग तो बायको-पोरांवर निघतो.

निसर्गाचं मात्र जपून. ‘शेतात जाऊन बसा, शांत वाटेल’ म्हणणाऱ्याच्या नावावर बहुतेक वेळा सातबारा नसतो! आपल्याला शिवारात सोयाबीनचा पडलेला भाव दिसतो, सोसायटीचं कर्ज दिसतं, बांधाचं भांडण आठवतं. तिथे बसून घोरच वाढतो. म्हणून आपल्या मालकीची नसलेली जागा धरा. मांजरेचा काठ चालेल, बालाघाटातली एखादी टेकडी चालेल. रोज तीच जागा, मोबाईल घरी.

१९१३ च्या सुमारास ज्येष्ठ सहकारी फ्रॉइडशी फाटल्यावर युंग स्वतःच कित्येक वर्षं आतून ढवळून निघाला होता. तेव्हा तो दुपारच्या जेवणानंतर तळ्याकाठी दगड गोळा करून लहान मुलासारखी घरं रचायचा, आणि पेशंट यायची वेळ झाली की उठायचा. घरच्यांनी आणि पेशंटांनीच आपल्याला जमिनीवर ठेवलं, असं त्याने पुढे सांगितलंय. व्हिडिओवाले एवढंच नेमकं गाळतात.

आपल्याकडे माणसांचा दुष्काळ नाही. सप्ताह आहे, भजनी मंडळ आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याच्या कोपीसमोर (खोपटासमोर) पंगत बसली की दुःखातल्या माणसालाही हाताला धरून बसवतात, काही न विचारता भज्जी वाढतात, आंबिलीचा तांब्या पुढे करतात. जात जा, नाही म्हणू नका. फक्त वडिलांवरचा राग तिथे काढू नका, दिवस मावळायच्या आत भावकीत पोचेल. त्यासाठी गावाबाहेरचा माणूस हवा, शक्यतो प्रशिक्षित समुपदेशक. वही त्याच्यापुढेच उघडा.

झोप-जेवणाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. दोन्ही उडालं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर हे सगळं राहू द्या आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाता येईल. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.