एअर बेड आणला, तरी चट्टा उठला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अर्धांगवायूमुळे बाबा (वय ७२) अंथरुणाला खिळले आहेत. एअर बेड भाड्याने आणला, तरी आठवड्यात माकडहाडावर लाल चट्टा आला. गादी खराब असेल का? – वाचक, कोथरूड

उत्तर : गादीपेक्षा ती घालण्यात चूक असण्याची शक्यता जास्त. एअर बेड म्हणजे पंपावर चालणारी, आळीपाळीने फुगणाऱ्या-बसणाऱ्या कप्प्यांची गादी. ती नेहमीच्या गादीवर, पंपाच्या नळ्या पायाकडे ठेवून अंथरायची. वर एकच सुती चादर, तीही सैल खोचलेली. गोधडी, रबरी शीट, त्यावर पुन्हा चादर असे थर चढवले की कप्प्यांमधल्या हवेचं भरणं-उतरणं अंगापर्यंत पोचत नाही. बाबा झोपलेले असताना एअर बेडच्या खालून, माकडहाडाच्या बरोबर रेषेत तळहात सरकवून पाहा. मधे इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागत असेल तर पंपाचा दाब वाढवा. पंपाला इन्व्हर्टरचा पॉइंट द्या, कारण वीज गेली की गादी बसते.

एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. रुग्णसेवा ब्युरोच्या मावशी असतील तर पलंगाशी कागद टांगून वळवल्याची वेळ लिहायला सांगा. तोंडी हिशेब दुपारनंतर कुणालाच आठवत नाही. डोक्याकडची बाजू जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास उंच, एरवी ३० अंशांच्या आत. सतत उंच ठेवली की माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस ओढलं जातं. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा.

चट्ट्यावर बोट दाबा. लाली क्षणभरही फिकी होत नसेल तर बेडसोर (सतत दाब पडून होणारी जखम) सुरू झाला आहे. वर्ण सावळा असेल तर लाली दिसत नाही, तेव्हा ती जागा गरम किंवा कडक लागते का ते पाहा. तिथे चोळू नका. भोकाची रबरी रिंगही नको, तिच्या कडा रक्तपुरवठा दाबतात. कातडी फुटली, पाणी आलं किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जाता जाता : भाड्याचं दुकान गाठण्याआधी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा गणेश मंडळात चौकशी करा. पुण्यात अनेक ठिकाणी रुग्णोपयोगी साहित्य नुसत्या डिपॉझिटवर किंवा नाममात्र भाड्याने मिळतं.

प्रश्न : मुलाचा पगार चांगला असला तरी आईला (वय ७१) सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळेल का? – वाचक, बिबवेवाडी

उत्तर : मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना (सीजीएचएस) किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना घेत असाल तर मात्र दोन्हींतली एकच निवडावी लागते. वय आधारवरच्या जन्मतारखेवरून धरतात, त्यामुळे ती चुकीची असेल तर आधी दुरुस्त करा. नोंदणी आयुष्मान ॲपवर होते. हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. शिवाय योजना कॅशलेस आहे. त्यामुळे रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचा उपचारही त्यात बसतो का, हे भरती होण्याआधीच तिथल्या आयुष्मान मदत कक्षात विचारा.

प्रश्न : घरात कॅन्सरचा रुग्ण आहे, आम्ही थकलो आहोत. कुठे विचारावं? – वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या केंद्रात. तिथली सेवा विनामूल्य आहे. शेवटच्या दिवसांपर्यंत थांबू नका. केमो चालू असतानाही दुखणं आणि उलट्या आटोक्यात आणायला जाता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. पण श्वास लागला, बेशुद्धी आली, तर थेट १०८.